कैफियत फुकटच्या सांबाराची

वऱ्हाड प्रांती, कसबे अकोला येथे, वैशाखमासी सूर्याने जो कहर मांडिला आणि सांबाराच्या एका टोपलीने त्यास जे तोंड दिले, तो मजकूर थोरांच्या लढायांपुढे लोपून जाऊ नये, म्हणोन जैसा घडला तैसा लिहिला असे. सांबार म्हणजे जीस पुणेप्रांती कोथिंबीर म्हणतात ती.

राजश्री देवमनराव हे भाजीबाजारचे मातबर सरदार. गादी निंबाखाली, तागडी उजवे हाती. चिरंजीव पियुषराव मितभाषी, नजर सदा जमिनीकडे. ते अमरावतीस अभियांत्रिकीच्या दरवाज्यापर्यंत जाऊन थोडक्या गुणांनी माघारी फिरले, आणि तेव्हापासून मनात एक ओसाड बुरूज घेऊन वावरत. मग एके दिवशी मोबाइलमध्ये सातासमुद्रापलीकडील विद्यापीठाचा दरवाजा उघडा दिसला. ना पहारेकरी, ना परवाना, ना मोल. उष्णतेच्या शास्त्राचे पाठ, कोणीही यावे आणि ऐकावे. चिरंजीव रोज दोन प्रहरी, गिऱ्हाईक पांगताच, कानी तारा घालून त्या दरबारी रुजू होऊ लागले, आणि बुरुजावर दिवा लागला.

ही खबर देवमनराव हुजुरांस पोहोचली आणि फर्मान सुटले की, "फुकट काय असते हे मले नको शिकवू! गिऱ्हाइकाले वरून फुकट टाकतो तो सांबार कोनता? पिवळा पडलेला. तुया विद्यापीठानंही तेच केलं असन." या युक्तिवादावर अवघ्या बाजाराने मान डोलाविली. चिरंजिवांनी तारा गुंडाळून खिशात घातल्या.

हुजुरांची युद्धनीती ऐसी की, सांबारावर ओले पोते घालावे, आणि पोत्याचे पाणी उडू नये म्हणोन वरून प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च आवळावी. सायंकाळी ताडपत्री उघडावी तो आत सारी फौज शिजलेली. मग चिरंजिवांनी मान वर न करिता अर्ज गुदरला की, पाणी उडू द्यावे. ते उडता उडता उष्णता घेऊन जाते आणि गारवा मागे ठेविते.

"सांबाराले कूलर लावतं काय बे?"

"हो बाबा. कूलरच."

बाजार हसला. चिरंजिवांचे कान लाल जाहले. तरी तह ठरला: एक दिवस अंमल चिरंजिवांचा, सायंकाळी सांबार हिरवा राहिल्यास पाठ चालू, कोमेजल्यास मोबाइल जप्त आणि दरवाजा कायमचा बंद.

मग ताडपत्री बरखास्त केली, आणि टोपली विटांवर चढविली, आणि ओले पोते वाऱ्याच्या तोंडावर टांगिले. दोन प्रहरी पश्चिमेचा तप्त वारा चालून आला. कडेची चार पाने माना टाकू लागली, तेव्हा चिरंजिवांचाही धीर खचला. परंतु नळावरून पाण्याची कुमक आणोन पोते पुन्हा भिजविले, आणि जो वारा शत्रूचा, तोच पोत्यातून गार होऊन सांबाराचा चाकर जाहला.

सांजसमयी रोजच्या गिऱ्हाईक पार्बताबाई आल्या. घासाघिशीत त्यांच्यापुढे भलेभले शस्त्र ठेवीत. त्यांनी वांगी घेतली आणि पुरातन हक्काने पदर पसरिला. हुजुरांचा हात सवयीने पिवळ्या ढिगाकडे गेला, आणि तेथेच थबकला. पिवळा ढीगच नव्हता. हिरवा तेवढा होता. तोच निमूट द्यावा लागला.

पार्बताबाईंनी जुडी नाकाशी नेली. "फुकटात इतका हिरवा? वांग्यात तं नाई लावले ना पैसे?"

"फुकट म्हनून काय सडकंच द्यावं लागते काय, काकू?" हुजूर गरजले, आणि गरजून जाहल्यावर आपण काय बोललो ते त्यांचे ध्यानी आले, आणि ते बराच वेळ तागडीच पुसत राहिले.

येणेप्रमाणे सूर्य शिकस्त खाऊन बाळापुराकडे मावळला, ताडपत्री हद्दपार जाहली, आणि चिरंजिवांस रोज दोन प्रहरी पाठ ऐकण्याची सनद कायम जाहली. ते समयी हुजूर "घ्या वांगीऽ" ही ललकारी अगदी दबक्या आवाजात देतात. ऐसे आपण करितो, हे हुजुरांस कबूल नाही. फत्ते जाहली ती एवढी.