बाबांच्या बाकाचं पॉलिश

झाड पन्नास वर्षं उन्हापावसात उभं असतं, तेव्हा त्याला कोणी तेल लावत नाही. पण त्याच झाडाचं बाक करून अंगणात ठेवायचं म्हटलं की लाकडाची प्रकृती एकाएकी नाजूक होते. म्हणून बाहेरच्या फर्निचरचं पॉलिश निवडणं हे घाईत उरकायचं काम नव्हे.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी अर्धा तास उन्हात बसा. बाबा म्हणाले, "एक साधं बाक आणा. टेकायला पाठ असली म्हणजे झालं." वडीलधाऱ्यांचा शब्द आमच्या घरात कोणी मोडत नाही. (तो विचारार्थ ठेवला जातो.)

दुकानदाराने बाक एका मिनिटात दाखवलं आणि पॉलिशचे नमुने दोन तास. एकूण छटा एकतीस. पैकी तपकिरी, एकतीस. तेल दिलं तर लाकूड श्वास घेतं, पण दर तीन महिन्यांनी पुन्हा द्यावं लागतं. व्हार्निश चकाकतं आणि मग त्याचे पापुद्रे निघतात. काहीच लावलं नाही तर लाकूड आपोआप राखाडी पडतं. ते पहिल्याच दिवशी राखाडी दिसावं म्हणून वेगळं पॉलिश मिळतं आणि त्यालाच मागणी जास्त आहे.

घरी समिती नेमली. अध्यक्ष मी, रंगसंगती बायकोकडे, विरोध ताईकडे. भावोजी तटस्थ. (ते जेवत होते.) ताई म्हणाली, "दुकानातल्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं रे. आधी नमुने उन्हात ठेवा, मग बोला."

सूचना शास्त्रशुद्ध होती. अंगणात सकाळचं ऊन एकाच कोपऱ्यात येतं. तिथे एकतीस फळ्या ओळीने मांडल्या. पहिल्याच दिवशी बाबा काठी टेकत नेमके तिथे येऊन उभे राहिले.

"बाबा, जरा सरका ना," बायको म्हणाली, "नऊ नंबरवर सावली पडतेय."

बाबा सरकले. मग बाराव्यावर पडली. शेवटी ते आत गेले.

निरीक्षण अकरा आठवडे चाललं. प्रत्येक नमुन्याला सरासरी अडतीस तास ऊन मिळालं. बाबांना किती मिळालं, हा विषय समितीच्या कक्षेत येत नव्हता.

अखेर एकमत झालं आणि बाक आलं. पॉलिश इतकं सुरेख उतरलं, की त्यावर कोणाला बसवायचं मन होईना. सध्या ते मुरतंय. बाबा सकाळी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे जातात. तिथे दोन दगडांवर एक फळी टाकलेली आहे, पॉलिशचा पत्ता नाही. आम्हाला तर तिच्याकडे बघवत नाही.

आमच्या बाकाजवळ मात्र येणारा-जाणारा थांबतो, हात फिरवतो आणि विचारतो, छटा कोणती? तुम्हीही मघापासून त्याचसाठी वाचताय, हे दिसतंय मला. घ्या, नमुना क्रमांक सतरा.

बाबांचा गुडघा आता कसा आहे, असं तुम्ही विचाराल म्हणून मी थोडा थांबलो होतो.