तीन थरांचं परिपत्रक

माणसाला थंडी वाजते, हे अॅटलसच्या पहाडात फार पूर्वीपासून माहीत होतं. पण ते अधिकृत नव्हतं. ही उणीव पर्वत सुरक्षा खात्याने गेल्या शरद ऋतूत भरून काढली. खिंडीच्या वर जाणाऱ्या प्रत्येक वाटाड्याच्या अंगावर तीन थर असलेच पाहिजेत, असं परिपत्रक निघालं. पहिला थर घाम टिपणारा, दुसरा ऊब धरणारा, तिसरा वारा अडवणारा. ज्याच्या अंगावर तीन थर नाहीत, त्याला थंडी वाजत नसली तरी ती वाजते असं समजण्यात येईल, आणि त्याचा वाटाड्याचा बिल्ला जमा होईल. हे सगळं कमरेच्या वरचं. विजारींचं परिपत्रक अजून निघायचं होतं.

तिज्गी गावच्या इद्दरचं पोट त्या बिल्ल्यावर होतं. डोंगर त्याला तळहातासारखा ठाऊक, पण बिल्ल्याशिवाय त्याला पाहुणे नेता येत नव्हते. इतकी वर्षं तो एकाच कपड्यात खिंड चढत आला होता. तो म्हणजे बायकोने, तूदाने, विणलेला लोकरी जेलाबा. घोट्यापर्यंत लांब, टोपी पाठीला जोडलेली, आणि असा जाड की भिजला तर वाळत घालायला दोन खांब लागत.

खात्याचे निरीक्षक सी मुफद्दल बिल्ल्यांच्या तपासणीसाठी गावात आले, तेव्हा इद्दरने जेलाबाच पुढे केला.

"हा एकच थर झाला, दा," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, हातात तर घ्या."

निरीक्षकांनी तो हातात घेतला. दोन्ही हात गुडघ्यापर्यंत खाली गेले.

"वजन म्हणजे थर नव्हे," वर येत ते म्हणाले. "उद्या तुमच्याबरोबर खिंडीपर्यंत येतो. वरच्या चौकीवर तीन थर आढळले तर बिल्ला. नाहीतर घरी बसून बदाम फोडा."

इद्दर बाजारात गेला आणि परदेशी जुन्या कपड्यांच्या ढिगातून तीन थर उपसून आला. तूदाने पहिला थर चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"हे कुठल्या बेडकाचं सोलून आणलं?"

"याने घाम टिपतात."

"आणि ही गादी?"

"ती ऊब धरते."

"इतकी वर्षं मी विणलं त्याने काय धरलं?"

याला परिपत्रकात उत्तर नव्हतं. इद्दरने जेलाबा घडी करून खेचराच्या पाठीवर झूल म्हणून टाकला. त्या रात्री वाढताना तूदाने ताजीनच्या मातीच्या भांड्यातलं मटण खात्यासाठी राखून ठेवलं आणि इद्दरला सलगम दिलं.

खरी अडचण सकाळी उभी राहिली. निघण्याआधीच्या तपासणीची जागा पाणवठ्याशेजारी होती, कारण गावात तेवढीच सपाट. तिथे गावातल्या साऱ्या बायका हंडे लावून उभ्या. तीन थर मोजायचे तर सगळ्यात आतला दिसायला हवा, आणि भरल्या पाणवठ्यावर पुरुषाने आतला कपडा दाखवणं तिज्गीत आजवर घडलेलं नव्हतं. गावची जमात, म्हणजे पंचायत, तातडीने बसली. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. मग म्होरके हाज ऊआली यांनी निर्णय दिला.

"आतला दाखवायचा ना? मग आतला बाहेर घाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इद्दरने वारा अडवणारा थर उघड्या अंगावर चढवला, त्यावर गादी, आणि त्या सगळ्यावर बेडकाचं कातडं ताणून बसवलं. तो पाणवठ्यावर आला तेव्हा मसाला ठासून भरलेल्या आतड्यासारखा दिसत होता. बायकांनी तोंडाला ओढण्या लावल्या. निरीक्षक मात्र खूश झाले.

"पहिला थर स्पष्ट दिसतो. गळ्याशी दुसरा दिसतो, त्याच्या आत तिसरा. छान."

"उलटे नाहीत का, साहेब?" हाज ऊआलींनी उगाच विचारलं.

"क्रमाबाबत परिपत्रक मौन बाळगतं." एवढं बोलून निरीक्षकांनी तिन्ही थरांच्या गळ्यातून एक तार ओवली आणि तिला शिशाचं सील ठोकलं. वाटाडे वळणाआड गेल्यावर कपडे बदलतात, अशी खात्याकडे माहिती होती.

निघाले. निरीक्षक स्वतः कचेरीतल्या कोटात होते. परिपत्रक वाटाड्यांसाठी होतं आणि ते वाटाडे नव्हते.

पहिल्याच चढाला इद्दरला घाम सुटला. सगळ्यात आत वारा अडवणारा थर, तो कसला बाहेर सोडतो. घाम टिपणारा थर बाहेर बसून डोंगराचा घाम टिपत राहिला. झाडं संपली, वारा सुरू झाला, आणि निरीक्षकांचे दात वाजू लागले.

पाहुणा कुडकुडतोय आणि यजमान बघतोय, असं झालं तर तिज्गीत त्या घरात पुन्हा कुणी पाणी पीत नाही. इद्दरने खेचराच्या पाठीवरचा जेलाबा ओढला आणि निरीक्षकांवर चढवला. त्यांचे दात थांबले. गाल लाल झाले. ते प्रथमच हसले.

"हे काय आहे तरी काय, दा?"

"एकच थर आहे, साहेब."

आता इद्दरचे दात वाजू लागले. अंगातल्या घामाचं पाणी गार पडलं होतं आणि ओठ निळे झाले होते. निरीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सीलाकडे.

"तुम्ही मरणार असं दिसतंय. पण सील तुटता कामा नये."

"सील तसंच राहू दे. मीच बाहेर पडतो."

इद्दर वाकला. निरीक्षकांनी खालची कड धरून ओढली. कानांची सालं निघाली, पण तिन्ही थर डोक्यावरून एकत्र निघाले, सशाच्या कातड्यासारखे, आतलं बाहेर होऊन.

"या आत," निरीक्षकांनी जेलाबा उचलून धरला. इद्दर आत शिरला. एका गळ्यातून दोन डोकी वर आली. तूदाने विणताना अंगाचा अंदाज कधी घेतलाच नव्हता.

राहिलं खेचर. झूल गेल्यापासून ते बिचारं थरथरत होतं आणि इद्दरला ते बघवेना. दोघांनी मिळून ते तीन थर त्याला चढवले. त्याचं डोकं त्या गळ्यातून कसं गेलं हे मला विचारू नका. इद्दरला विचारलं तर तो खेचराला विचारा म्हणतो. पण आतलं बाहेर झाल्यामुळे घाम टिपणारा थर अंगालगत आला, गादी मध्ये आणि वारा अडवणारा सगळ्यात वर. खेचराची थरथर थांबली आणि ते दोघांच्या पुढे चालू लागलं.

खिंडीच्या चौकीवर खात्याचा कारकून बसला होता. त्याने आधी जेलाब्यातली दोन डोकी पाहिली.

"एक थर, माणसं दोन. दरडोई अर्धा. नापास."

"मी निरीक्षक आहे," एक डोकं म्हणालं.

"मग तुम्हाला नियम माहीत असणार."

मग त्याने खेचराभोवती एक फेरी मारली. "थर तीन. क्रम योग्य. सील शाबूत. अशी पूर्तता मी पहिल्यांदा पाहतोय."

"अरे, ते खेचर आहे," निरीक्षक म्हणाले.

"परिपत्रकात वाटाड्या म्हणजे 'खिंडीपर्यंत वाट दाखवत येणारा' असं लिहिलंय, साहेब. पुढे कोण चालत होतं?"

वाक्य निरीक्षकांनीच लिहिलेलं होतं.

बिल्ला खेचराच्या गळ्यात पडला. इद्दरची नोंद त्याचा मदतनीस म्हणून झाली, तेही निरीक्षकांनी शब्द टाकला म्हणून. पोट मात्र चाललं. हंगामात पाहुणे आले, दूर किनाऱ्यावरच्या दार बेदा शहरातून, त्याहूनही लांबून. रस्ता कुणाला ठाऊक आहे, हे एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी आधी बिल्ला पाहिला.

परवा एका घोळक्यातल्या बाईंनी इद्दरला विचारलं, "तुमच्याकडे बिल्ला दिसत नाही. तुम्ही कोण?"

"मी वाट दाखवतो, ताई."

सगळा घोळका दोन पावलं मागे सरकला आणि खेचराला चिकटून उभा राहिला.

तुम्ही तिथे असता तर अर्थातच असं केलं नसतं. खेचराला किती तारे मिळालेत, ते तुम्ही आधी मोबाईलवर पाहिलं असतं. पावणेपाच आहेत.