गाढवलोळीचा दगड

न्हाणीघराचा पत्रा फोडून आकाशातून दगड पडला, तेव्हा भूगोलाचे निवृत्त मास्तर अंगाला साबण लावत होते. दगड थेट बादलीत गेला. मास्तर पंचा गुंडाळून तसेच बाहेर धावले.

"अगं, आकाशातून दगड पडला!"

"बादली फुटली का?" बायकोने विचारलं.

"अगं, उल्का आहे ती!"

"ते कळलं. बादली?"

मास्तरांनी लगेच विद्यापीठात फोन लावला. तिथल्या संशोधक बाई म्हणाल्या, "दुपारीच येते. अशा दगडाला जिथं पडला त्या जागेचं नाव देतात. तुमच्या वस्तीचं नाव काय?"

वस्तीचं नाव गाढवलोळी. तीस वर्षं ते मास्तरांनी शिताफीने लपवलं होतं. मुलीच्या लग्नपत्रिकेतही 'ओढ्याजवळ' एवढंच छापलं होतं. आणि आता ते जगभरच्या संग्रहालयांत जाणार?

"मोरटेकडी," ते बोलून गेले.

मोरटेकडी ओढ्यापलीकडे होती. बोलून गेले म्हटल्यावर निस्तरणं आलं. मास्तरांनी दगड फडक्यात गुंडाळला, ओढा ओलांडला आणि टेकडीवरच्या सुताराच्या अंगणात, भुशाच्या ढिगावर हळूच ठेवून दिला.

दुपारी ते बाईंना घेऊन तिथं पोचले, तर सुतार दगडाशेजारी खुर्ची टाकून बसलेला.

"माझ्या अंगणात पडला, माझाच आहे," तो म्हणाला. "काय आवाज झाला! हातातून रंधा सुटला माझ्या."

"थापा मारू नकोस!" मास्तर उसळले. "माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेलाय तो!"

"मग इथं कसा आला?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात बायको फुटकी बादली घेऊन ओढा ओलांडून आली. तिने दगड उचलून बादलीच्या भोकात बसवला. चपखल बसला.

"यांनीच आणून ठेवला," ती म्हणाली. "लाज वाटते त्यांना."

"कशाची? पडला तरी कुठं?" बाईंनी लॅपटॉप उघडला.

सुतार गालातल्या गालात हसत होता. मास्तरांनी दगडावरचा भुसा खांद्यावरच्या पंच्याने हलकेच झटकला.

"गाढवलोळीत," ते पुटपुटले.

"काय? ऐकू नाही आलं."

"गाढवलोळी!" मास्तर एवढ्यांदा ओरडले, की झाडावरचे कावळे उडाले.

बाईंनी ते इंग्रजीत टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "गाधवलोली."

"लोली काय, लोली?" मास्तर चवताळले. "लोळी! ळ! खोडा ते आधी. जगात जायचंय आमचं नाव!"