शांबामामच्या सभेत हात वर होत नाहीत

ग्रामसभेत कुणी हात वर केला की शांबामाम उठून जातो आणि तो हात खाली ओढतो. एकदा पंख्याच्या बटणाकडे गेलेला हातही त्याने ओढला होता. मी डिचोली तालुक्यातल्या या पंचायतीत सेक्रेटरी म्हणून आले, तेव्हा पहिल्याच सभेत मला वाटलं, म्हातारा थोडा सरकलाय.

"हात कित्याक दाखयतस? तोंड आसा मरे, बोल!" हे त्याचं नेहमीचं.

शांबामाम सत्तरीचा. खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सभेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी येतो आणि हॉलमधले बांक गोलात लावतो. शिपाई ते परत रांगेत लावतो. मामा परत गोलात. भांडण असो, ताप असो, नाहीतर बस चुकलेली असो, त्याचं औषध एकच, थोडं बसायचं: "मातशे बसा."

पण त्या रविवारी बसायला कुणी तयार नव्हतं.

विषय वरच्या वाड्याच्या रस्त्याचा होता. वाट इतकी अरुंद की अँब्युलन्स जात नाही. महिन्यापूर्वी तिथल्या प्रकाशच्या बायकोला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही. रस्ता रुंद करायला वाटेलगतच्या चंद्रावतीचा गडगा, म्हणजे चिऱ्यांची कुंपणभिंत, मोडावा लागणार होता, आणि ती एकच वाक्य बोलत होती, "गडगो मोडूक दिवचंय नाय."

"माझा बाळ गेला गो!" प्रकाश ओरडला. दोघांनी त्याला धरून ठेवलं. खालच्या वाड्यातल्या कुणीतरी बाह्या सरसावल्या. वरच्या वाड्यातले दत्ताराम, एरवी शांत माणूस, तेही उठून म्हणाले, "मतदान घेया. बस झाला."

गडगा मोडायच्या बाजूने कोण, म्हणत सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. जवळजवळ अख्ख्या हॉलचे हात वर झाले. एवढे हात मामा ओढणार तरी कसे? त्याने एकदा सगळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला. "बाय, अजून लिवू नको." आणि जाऊन चंद्रावतीच्या बांकावर बसला.

"कित्याक नाय म्हणतस, ता सांग."

"सांगून कळूचा नाय."

"मग दाखय."

कुरकुरत, एकमेकांना टाळत, सगळे निघाले. प्रकाश सर्वांत पुढे, मुठी आवळून. मला भीती वाटत होती की गडग्याचा पहिला चिरा तोच उपसणार.

चंद्रावतीच्या घरापाशी सगळे थांबले. तिचा नवरा तात्या झरीवरून पाणी घेऊन येत होता. त्याची नजर गेल्याला काही वर्षं झाली. उजव्या हातात कळशी होती. डावा तळवा गडग्यावर टेकवून तो एकेक चिरा चाचपत चालत होता. माणसांची चाहूल लागून तो थांबला.

"कोण आसा?"

 प्रकाश पुढे झाला.

"मी प्रकाश, तात्या. दी ती कळशी."

कळशी दारात ठेवून तो चंद्रावतीकडे वळला.  "गडगो मोडूचोच लागतलो, काकी. पण मागे सरकवून तसोच बांधूया. झरीपर्यंत. तो आदी बांधूया, मगे जुनो मोडूया."

"आणि बांधतलो कोण?"

"आमी. वरचो वाडो."

चंद्रावतीने तात्याकडे पाहिलं. तात्याने मान हलवली. मग तिनेही.

हॉलमध्ये परतून मी ठराव लिहिला. सगळे सह्या करून गेले. शेवटी राहिले दत्ताराम आणि मामा. दत्तारामांनी खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. मामाने आपला चष्मा काढून वहीवर ठेवला. दत्तारामांनी तो लावला, सही केली, चष्मा परत वहीवर ठेवला आणि निघून गेले.

"आभार तरी मानायचे," मी म्हणाले.

"माझो थोरलो भाव तो. तो वरच्या वाड्यात, मी खालच्या," मामा म्हणाला. "शाळा खंयच्या वाड्यात बांधूची, म्हणान हंयच हात मोजलेले. आमचो वाडो एका हातान जिकलो, त्याचो हरलो. तो हात माझो. त्या दिसापासून तो माझ्याकडे बोलाक नाय."

मी वही मिटली. शिपाई खिडक्या लावू लागला. मामाने चष्मा डोळ्यांना लावला नाही. काड्या न मिटता, दोन्ही हातांत धरून तो बसून राहिला.