खिडकी क्रमांक तीनचा स्कोर

दाखला विभागातल्या खिडकी क्रमांक तीनला नवा संगणक मंजूर झाला, तेव्हा तिथल्या कारकूनबाईंना हायसं वाटलं. जुन्यावर एक दाखला निघायला अकरा मिनिटं लागत. आणि बाईंच्या भाचीला शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजात रहिवासी दाखला द्यायचा होता. नाहीतर हातातोंडाशी आलेला प्रवेश जाणार होता.

तंत्रज्ञाने संगणक बसवून वेगाची चाचणी लावली. जुन्याचा स्कोर होता नऊशे, नव्याचा चौऱ्याण्णव हजार. साहेबांनी तो आकडा फलकावर रंगवून दारावर टांगला. मग बाईंनी पहिला दाखला काढला. अकरा मिनिटं लागली. दाखल्याची माहिती वरच्या मजल्यावरच्या कपाटातून शिपाई आणत असे, आणि शिपाई काही बदलला नव्हता.

मात्र काम करताना स्कोर दोनशेने उतरतो, हे तंत्रज्ञाच्या नजरेतून सुटलं नाही. लगोलग परिपत्रक निघालं: यंत्राची कार्यक्षमता अबाधित राखण्यासाठी त्यावर कोणतंही काम करू नये. मग लोकांचं काय, असं बाईंनी भीतभीत विचारलं.

"बाई, आपण सगळ्या विभागांत पहिले आलोय," साहेब म्हणाले. "लोकांसाठी आणखी काय करायचं?"

शुक्रवारी दुपारी भाची रांगेत उभी राहिली. बाईंचा जीव टांगणीला लागला. जुना संगणक दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवला होता. बाईंनी तो उचलला, पुसला, जोडला, शिपायाला वर पिटाळलं आणि अकराव्या मिनिटाला दाखला भाचीच्या हातात कोंबला.

कॉलेजातल्या प्रवेश-कारकुनाने आधी दाखल्याचा तळ बघितला. नव्या नियमानुसार तिथे यंत्राचा स्कोर छापलेला असे.

"नऊशे?" तो म्हणाला. "एवढ्याशा स्कोरवर तुम्ही इथे राहता हे सिद्ध होत नाही."

भाचीचा रडवेला फोन आला. बाई धापा टाकत कॉलेजात पोचल्या त्या थेट नव्या संगणकाच्या चाचणीचं चौऱ्याण्णव हजारांचं प्रमाणपत्र घेऊनच. पाचला दोन मिनिटं कमी होती. कारकुनाचा चेहरा खुलला. त्याने शिक्का मारला, नोंद केली. मावशी-भाचीने हुश्श केलं.

सहा वाजता यादी लागली. पहिलं नाव होतं, खिडकी क्रमांक तीन, स्कोर चौऱ्याण्णव हजार. भाची प्रतीक्षा यादीत होती.

"मावशी, मी बारा वर्षं अभ्यास केला गं," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीला टेकून रडायला लागली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी यादीपुढच्या गर्दीला गदागदा हलवून सांगितलं, की अहो, ते यंत्र आहे, त्याने जन्मात एकच दाखला काढलाय, तोही अकरा मिनिटांत. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. फार वाईट झालं, असंही सगळे म्हणाले. मग एकाने खिशातून मोबाइल काढला आणि विचारलं, "कोणतं मॉडेल म्हणालात?"

हसा, खुशाल हसा. फक्त तुमचा मोबाइल घेताना तुम्ही दुकानदाराला पहिला प्रश्न कोणता विचारला होता, तेवढं आठवून हसा.