एका बसचालकाचे प्रोलॅक्टिन

परिवहन खात्याने चालकांच्या प्रकृतीची काळजी घ्यायचे ठरवले, तेव्हा डोळे आणि रक्तदाब एवढेच तपासायचा विचार होता. परंतु जितक्या तपासण्या जास्त तितकी सवलत मोठी, असा प्रयोगशाळेचा नियम निघाला. दोन तपासण्यांपेक्षा ऐंशीचे पॅकेज स्वस्त पडत होते. खात्याने काटकसर केली, आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते अशा सर्व चालकांचे प्रोलॅक्टिन मोजले गेले.

त्यांतल्या एका चालकाला डेपोत सगळे ‘अलगद’ म्हणत. तो ब्रेक असा लावायचा, की उभ्या म्हाताऱ्यांना बस थांबल्याचे दार उघडल्यावर कळे. बस चालवण्याखेरीज त्याला काही येत नव्हते, आणि दुसरे काही यावे अशी त्याची इच्छाही नव्हती. त्याच्या अहवालात एक आकडा ठळक अक्षरांत छापून आला.

“प्रोलॅक्टिन वाढलंय तुमचं,” खात्याचे वैद्यकीय अधिकारी म्हणाले.

“ते काय असतं, साहेब?”

“बाळंतिणीला दूध येतं ना, ते याच्यामुळे.”

अलगदने खाली वाकून आपल्या सदऱ्याकडे पाहिले.

“पुरुषांतही असतं. थोडं. डोकं दुखतं का?”

“नाही.”

“बाजूचं दिसेनासं होतं?”

“बस चालवतो, साहेब. बाजूचं दिसलं नसतं तर एव्हाना तुम्हाला कळलं असतं.”

“घरी... म्हणजे संसारात काही उणं?”

“तीन मुलं आहेत. चौथ्याला बायकोच नको म्हणाली.”

अधिकाऱ्यांनी विचार केला आणि लिहिले : लक्षणे अद्याप सुरू झालेली नाहीत.

मग डोक्याचे चित्र काढण्यात आले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात तीळभर ठिपका असू शकेल किंवा नसूही शकेल, असा निष्कर्ष आला. अधिकाऱ्यांनी ‘असू शकेल’ तेवढे घेतले, कारण ‘नसू शकेल’ यावर गोळी मिळत नव्हती.

डेपोत बातमी फुटायला वेळ लागला नाही. “तुझ्या चहात दूध घालू, की घरचं आणलंयस?” कॅन्टीनवाल्याने विचारले. वाहकाने तर त्याला ‘आई’ म्हणायला सुरुवात केली. अलगद हसत होता. मात्र पुढच्या आठवड्यात ‘डोक्यात ठिपका असलेला चालक आम्हांस नको’ असे निवेदन प्रवाशांत फिरू लागले, आणि तेही त्याच्याच बसमध्ये. आरशात त्याला सगळे दिसत होते. त्याने बस नेहमीसारखीच चालवली.

गोळी सुरू झाली. गोळीने मळमळू लागले, उठून उभे राहिले की भोवळ येऊ लागली.

“पाहा,” अधिकारी समाधानाने म्हणाले, “आली की नाही लक्षणं?”

भोवळ येणाऱ्या माणसाला बस चालवता येत नाही, हा नियम योग्यच आहे. आकडा खाली येईपर्यंत अलगदला डेपोतल्या बाकावर बसवण्यात आले. आकडा थोडासा हलला. गोळी वाढवली. भोवळही वाढली.

शेवटी बायकोने त्याला दंडाला धरून प्रयोगशाळेत नेले. “हे ठणठणीत होते,” ती तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “तुमच्या आकड्यानं आजारी पडले.”

बाईंनी कागद पाहिले. “गठ्ठा असेल,” त्या सहज म्हणाल्या. “प्रोलॅक्टिनचे कण कधीकधी आपल्याच रक्तातल्या प्रतिपिंडांना चिकटून बसतात. त्याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. ते मोठं होतं, त्यामुळे शरीराबाहेर लवकर जात नाही. काम म्हणाल तर जवळजवळ काहीच करत नाही. पण मोजायला गेलं की मोजणीत येतं.”

“म्हणजे यांच्या हेड ऑफिससारखं.”

“एक द्रावण घालून नळी फिरवली की गठ्ठे तळाशी बसतात. वर उरतं ते खरं. तेवढंच मोजायचं.”

“मग आधीच का नाही फिरवली?”

“कुणी मागितलं नाही. पॅकेजमध्ये नाही ते.”

अलगदच्या पहिल्या तपासणीचे रक्त सुदैवाने गोठवून ठेवलेले होते. त्यावर तपासणी झाली. खरे प्रोलॅक्टिन अगदी जिथल्या तिथे होते. गोळी बंद झाली, तशी भोवळही थांबली. नवा अहवाल घेऊन अलगद इस्त्रीचे कपडे घालून खात्यात गेला.

“अभिनंदन,” अधिकारी म्हणाले. “गोळीचा गुण आला.”

“साहेब, हे गोळीच्या आधीचं रक्त आहे. मला काही झालंच नव्हतं.”

अधिकाऱ्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. “असं कसं लिहिता येईल? काही झालं नव्हतं म्हटलं, तर आम्ही उपचार कशावर केले?”

“तेच विचारायला आलोय. मला बस कधी देताय?”

“हे बघा, माझ्या एकट्याच्या अखत्यारीत नाही ते. शिवाय प्रवाशांचं निवेदन आहे. लोकभावना डावलता येत नाही.”

प्रकरण समितीकडे गेले. समितीत प्रत्येक विभागाचा एक माणूस घेतला. मग कोणी दुखावू नये म्हणून दुसराही घेतला. आता ती इतकी मोठी झाली आहे, की मावेल अशी खोली खात्यात नाही. त्यामुळे बैठक होत नाही आणि बैठकीशिवाय ती बरखास्तही करता येत नाही. भत्ते मात्र मोजले जातात. अलगद अजून बाकावर बसतो. समोरून त्याची बस जाते, तेव्हा त्याचा उजवा पाय आपोआप हळूच दाबला जातो.

त्या बसवर आता नवा चालक आहे. त्याने काल ब्रेक लावला आणि तुमचे कपाळ पुढच्या दांड्यावर आपटले. तुम्ही त्याला बोललात, ते बरे नव्हे. त्याच्या ऐंशीच्या ऐंशी तपासण्या चोख आहेत. एकही आकडा ठळक नाही.

राहता राहिले ते निवेदन. खात्याने त्याची एक प्रत अलगदला माहितीसाठी दिली आहे. तुमची सही त्याने बायकोला मुद्दाम दाखवली. चालत्या बसमध्ये उभ्याने केलेली सही, पण एक अक्षर कुठे हललेले नाही.