एलुनेदमावशींचा सूर आणि माझा व्हॉल्व्ह

घरात काही बिघडलं की लगेच कारागिराला फोन करणाऱ्यांतला मी नव्हे. बैठकीच्या खोलीतला पाइप शिट्टी मारायला लागला, तेव्हा मी बायकोला, नेरिसला, सांगून टाकलं, "चुटकीसरशी करतो."

"न्हाणीघरातला नळही चुटकीसरशीच केला होतास," ती म्हणाली. "छतावरचा डाग अजून दिसतोय."

मी दुर्लक्ष केलं. वरच्या खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर बंद झाले की बॉयलरच्या गरम पाण्याला जायला जागा उरत नाही आणि ते पाइपात कोंडून किंचाळतं. त्याला आडवाट म्हणून जिन्याखाली बायपास व्हॉल्व्ह असतो. तो मी जरासा सैल केला. शिट्टी गप्प! तलवार म्यान करावी तसा मी पाना खिशात घातला.

संध्याकाळी गावातल्या बायकांचं गायनमंडळ आलं. प्रार्थनेच्या चॅपलचं छप्पर उघडं पडल्यामुळे तालीम सध्या आमच्याकडे होती आणि शनिवारी स्पर्धा. मंडळाच्या प्रमुख म्हणजे नेरिसच्या एलुनेदमावशी. तालीम आमच्याकडे आल्यापासून त्यांनी पियानोची मदत सोडली होती. डोळे मिटायच्या, क्षणभर थांबायच्या आणि अचूक सूर द्यायच्या. अख्खं खोरं थक्क होतं.

आज मावशींनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. शेवटी त्यांनी जो सूर दिला, त्यावर बायका इतक्या चढल्या की आमचा कुत्रा परसात पळाला. पुढच्या खेपेला सगळ्या विहिरीत पडल्यासारख्या गाऊ लागल्या.

"आज या घराला झालंय काय?" मावशी पुटपुटल्या. "फारच शांत वाटतंय."

"पाइपाची शिट्टी बंद केली ना मी," मी छाती फुगवून म्हणालो.

सगळ्या बायकांनी आधी पाइपाकडे पाहिलं, मग मावशींकडे. मावशी कानापर्यंत लाल झाल्या.

"गेथिन," नेरिस हळूच म्हणाली, "पाना काढ."

मी जिन्याखालच्या कपाटात शिरलो. व्हॉल्व्ह आवळला. शिट्टी आली, पण भलतीच.

"खाली ये," मावशी ओरडल्या. "अजून. अरे, घसरलास. किंचित वर. बास, आता हात लावशील तर बघ!"

मावशींनी माझ्या कामाला 'बास' म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी कपाटातून विजयी वीरासारखा बाहेर आलो, डोक्याला जळमटं घेऊन.

शनिवारी सभागृहात मंडळ रंगमंचावर उभं राहिलं. मावशींनी डोळे मिटले. कुठलाच पाइप वाजेना. त्यांनी डोळे उघडून प्रेक्षकांत मला शोधलं. त्यांच्यामागे नेरिस आणि बाकीच्या बायकाही माझ्याकडेच बघू लागल्या. मग मी ओठांचा चंबू केला आणि तोच सूर बारीक शिट्टीत सोडला.

त्यांनी तो उचलला आणि अशा गायल्या की शेजारच्या गृहस्थांनी रुमाल काढला.

दुसरा क्रमांक आला. परीक्षक म्हणाले, "गायन अप्रतिम. फक्त सुरुवातीला सभागृहातला एक पाइप शिट्टी मारत होता, तेवढा कुणीतरी दुरुस्त करून घ्या."

सगळा हॉल हसला. मी मात्र ताठ बसलो होतो. एवढा तयार कानाचा माणूस, त्यालाही फरक कळला नाही.